तीन वाजून पंचावन्न मिनिटं: किल्लारीचा घटनाक्रम आणि तिथे नसलेलं यंत्र

नांदेड जिल्ह्यातलं भोकर ते लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर सुमारे १८० किलोमीटर भरतं. भूकंपाची पहिली, हलकी लहर ते अर्ध्या मिनिटात कापते. मागून येणारी, भिंती हलवणारी दुसरी लहर पन्नास-एक सेकंद घेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या दोन्ही लहरी लातूर जिल्ह्यातून निघून नांदेड, भोकर ओलांडून पुढे गेल्या आणि मागे, उगमाजवळ, मराठवाड्याच्या इतिहासातली सर्वांत भीषण सकाळ ठेवून गेल्या. त्या भूकंपाच्या मदतकार्यावर आणि पुनर्वसनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. यंत्रांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. जमीन हलली तेव्हा ती हालचाल टिपणारी यंत्रं कुठे होती, किती दूर होती, आणि ज्या माळरानावर एखादं हवं होतं तिथे ते का नव्हतं, हे त्या रात्रीच्या घड्याळासोबत पाहायला हवं. हे घड्याळ तेरा महिने आधी सुरू होतं.

ऑगस्ट १९९२: तेरा महिने आधी

किल्लारी हे औसा तालुक्यातलं, तेरणा नदीच्या खोऱ्यातलं मोठं गाव. ऑगस्ट १९९२ पासून तिथे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. भांडी वाजायची, माळवदातून माती गळायची. धक्के लहान होते, पण थांबत नव्हते. मार्च १९९३ पर्यंत त्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास गेली.

या भागातली जुनी घरं कशी होती हे जाणून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चुन्याऐवजी माती, वर लाकडी खांब आणि तुळया, आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून दर काही वर्षांनी माळवदावर नवी माती चढायची. मराठवाड्याच्या उन्हाला हे घर उत्तम उत्तर होतं. आडव्या धक्क्यासाठी मात्र ते बांधलेलंच नव्हतं. भिंतीचा बाहेरचा थर आणि आतला थर यांना एकमेकांशी जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. डोक्यावर कित्येक टन माती होती.

तसं बांधू नका असं गावकऱ्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. तेव्हाच्या भारतीय मानकानुसार हा प्रदेश भूकंपाच्या पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येत होता. दख्खनचं पठार अचल आहे, ही समजूत पाठ्यपुस्तकापासून सरकारी नकाशापर्यंत सगळीकडे होती.

१८ ऑक्टोबर १९९२: साडेअकरा महिने आधी

या दिवशी चारपेक्षा जास्त तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीत घरांना तडे गेले. लोक घाबरले. कित्येक कुटुंबांनी अंगणात, शेतात, खळ्यावर झोपायला सुरुवात केली. गावातली माणसं बोलत होती, तक्रार करत होती, जमिनीखाली काहीतरी चाललं आहे असं सांगत होती.

त्यांचं म्हणणं मोजमापात उतरवायला जवळ यंत्र हवं होतं. लातूरला तेव्हा भूकंपमापन केंद्र नव्हतं. पूर्वेला हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था किल्लारीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पश्चिमेला पुण्याची हवामान खात्याची वेधशाळा पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि कोयनेची यंत्रं जवळजवळ तीनशेवर. मोठा धक्का तिथे उमटायचा. लहान धक्का एवढं अंतर कापेपर्यंत वारा, रेल्वे, कारखाने यांच्या रोजच्या थरथरीत विरून जायचा. जे गावकऱ्याला झोपेतून उठवत होतं, त्यातलं बरंचसं दूरच्या कागदावर ओळखूही येत नव्हतं.

भूकंप नेमका कुठे झाला हे शोधण्याची रीत मुळात सोपी आहे. पहिली लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. दोघींच्या येण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला आठने गुणलं की केंद्र ढोबळमानाने तितके किलोमीटर दूर. एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन-चार केंद्रांवरून वर्तुळं काढली की ती एका जागी छेदतात. केंद्रं जवळ असतील तर जागेबरोबर खोलीही कळते. खोली कळणं इथे सर्वांत महत्त्वाचं होतं, कारण पाच-दहा किलोमीटरवरचा मध्यम भूकंपसुद्धा वरच्या गावाचा चुराडा करतो.

म्हणजे औसा, उमरगा, निलंगा, लोहारा अशा चार बाजूंना चार केंद्रं पुरेशी झाली असती. असं जाळं देशाला अपरिचित होतं असंही नाही. कर्नाटकात गौरीबिदनूर इथे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६० च्या दशकातच ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची रांग उभारली होती. इंग्रजी एल अक्षराच्या आकारात पसरलेली वीस यंत्रं, आणि पुढे त्यांचे संकेत रेडिओने मध्यवर्ती प्रयोगशाळेत येण्याची सोय. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी जमिनीखाली अणुचाचणी केली तर कळावी, हा तिचा हेतू होता. हजारो किलोमीटरवरचा स्फोट ऐकण्याची विद्या देशाकडे होती. तेरणेकाठच्या माणसाला रोज ऐकू येणाऱ्या आवाजासाठी ती वेळेत आणली गेली नाही. या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त बोचते ती हीच गोष्ट.

मार्च १९९३: सहा महिने आधी

धक्के ओसरले. लोक हळूहळू घरात परतले. सहा महिने माणूस अंगणात झोपू शकतो, त्यानंतर पाऊस येतो, चोरांची भीती असते, लेकरं आजारी पडतात.

यंत्र बसवायची वेळ होती ती धक्क्यांच्या याच सहा महिन्यांत. ते बसवणं म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगतो, कारण असं एखादं केंद्र आजही आपल्या तालुक्यात उभं करायचं झालं तर काम तेच आहे.

आधी जागा. भूकंपमापक ठेवायचा तो मातीवर नाही, खडकावर. मराठवाड्यात काळी माती खोल असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि यंत्राला आपलीच हालचाल ऐकवते. म्हणून माळावर, जिथे मुरूम संपून कठीण काळा दगड लागतो तिथे खड्डा घ्यायचा. खडक साफ करून त्यावर काँक्रीटचा चौथरा घालायचा. हा चौथरा खोलीच्या भिंतींना आणि फरशीला चिकटता कामा नये, नाहीतर दार आपटलं तरी नोंद होते. हमरस्ता, रेल्वे, पिठाची गिरणी, बोअरचा पंप, उंच झाडं, यांपासून शक्य तितकं लांब. वारा झाड हलवतो, झाडाची मुळं जमीन हलवतात, आणि एवढी हालचालही यंत्राला पुरते.

यंत्राच्या आत असतं एक लोहचुंबक आणि एक तारेचं वेटोळं, त्यातलं एक स्प्रिंगला टांगलेलं. जमीन हलते, टांगलेलं वजन क्षणभर जागच्या जागी राहतं, दोघांच्या सापेक्ष हालचालीने तारेत बारीकसा विद्युतदाब तयार होतो. जुन्या पद्धतीत तो वाढवून सुईकडे जायचा आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटायची. कागद रोज बदलायचा, लाखेच्या द्रावणात बुडवून पक्का करायचा, मग वाचायचा. घड्याळ बरोबर लावायला दिल्लीहून लघुलहरींवर येणारे वेळेचे ठोके ऐकायचे. म्हणजे एखाद्या आडगावी नोंद झाली तरी तो कागद तज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचायला दिवस लागणार.

बिनतारी यंत्रणा हा उशीर संपवते. तोच विद्युतसंकेत रेडिओलहरीवर चढवायचा आणि अँटेनातून दूरच्या केंद्राकडे पाठवायचा. या लहरी सरळ जातात, म्हणून दोन अँटेनांनी एकमेकींना पाहिलं पाहिजे. मध्ये डोंगर आला तर डोंगरमाथ्यावर आणखी एक संच ठेवायचा. तो इकडून घेतो आणि पलीकडे फेकतो. मराठवाड्याचं सपाट माळरान या कामाला चांगलं. बालाघाटाची रांग मधे आली तरी तिचाच उंच माथा उपयोगी पडतो.

आणि मग वीज. बसवणाऱ्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. गावच्या तारेवरून वीज घेणं सोपं, पण ती तार भूकंपात सगळ्यात आधी तुटते. ज्या क्षणासाठी यंत्र ठेवलं त्याच क्षणी ते मुकं होणार असेल तर ठेवून उपयोग काय? म्हणून सौर पट्टी आणि बॅटरी. हिशेब असा मांडतात: यंत्र आणि रेडिओ मिळून दहा वॅट घेत असतील तर दिवसाला २४० वॅट-तास लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते वीस अँपिअर-तास झाले. पावसाळ्यात सलग पाच दिवस सूर्य दिसला नाही तर शंभर. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी हवी. दिवसाला चार तास चांगलं ऊन धरलं तर साठ वॅटची पट्टी कागदावर पुरते. धूळ, उष्णता, ढग, तारेतली गळती धरून ती दुप्पट घ्यावी. पट्टीचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण अक्षांशाइतका, किल्लारीला अठरा-एकोणीस अंश. साचलेली धूळ पावसाने धुऊन जावी म्हणून थोडा जास्त ठेवला तरी चालतो. चार्ज नियंत्रक असा लावायचा की बॅटरी फार उतरली की भार तोडेल आणि ऊन आलं की आपोआप जोडेल.

अर्थिंग हा आमच्याकडचा आणखी एक अवघड विषय. मराठवाड्यात विजा फार पडतात, उघड्या माळावर अँटेनाचा खांब सर्वांत उंच असतो, आणि ज्या कठीण खडकासाठी जागा निवडली तोच खडक विजेला जमिनीत उतरू देत नाही. मग शेजारी ओलीची जागा शोधून खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालणारा माणूस. अँटेनाच्या तारेवर वीजरोधक. तारांना उंदीर कुरतडू नयेत म्हणून लोखंडी नळी. पट्टी चोरीला जाऊ नये म्हणून कुंपण, आणि कुंपणापेक्षाही गावाचा त्यावर जीव.

यात न जमण्यासारखं काही नव्हतं. चार खड्डे, चार खांब, चार बॅटऱ्या, आणि महिन्याला फेरी मारणारा एक तंत्रज्ञ.

एवढं करून भूकंपाचं भाकीत झालं असतं का? नाही. आजही जगात कोणालाही भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण त्या सहा महिन्यांच्या नोंदींनी दोन गोष्टी दाखवल्या असत्या: धक्के किल्लारीच्या अगदी खाली, कमी खोलीवर होत आहेत, आणि हा भाग सर्वांत सुरक्षित क्षेत्रात दाखवणारा नकाशा चुकीचा आहे. तेवढं हाती असतं तर माळवदावरची माती कमी करा, भिंतींना जोडदगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर पट्टा बांधा, हे सांगायला आधार मिळाला असता. घरोघरी ते झालंच असतं असं मी म्हणत नाही. काही घरांत तरी झालं असतं.

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, संध्याकाळ: नऊ-दहा तास आधी

अनंत चतुर्दशी. गावोगावी गणपतीची मिरवणूक. पोलीस दल दिवसभर बंदोबस्तात. पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा चंद्र आकाशात.

मध्यरात्र: चार तास आधी

विसर्जन करून माणसं परतली. दमलेली होती, उशीर झाला होता, त्यामुळे बहुतेक जण थेट घरात जाऊन झोपले. जी थोडी तरुण मंडळी विसर्जनाच्या नादात बाहेरच राहिली, त्यातली काही त्यामुळेच वाचली.

पहाटे दोन, तीन

या तासांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. हैदराबाद, पुणे, कोयना, गौरीबिदनूर इथल्या सुया आपापल्या सरळ रेघा काढत होत्या.

३:५५:४७

किल्लारीच्या खाली, जेमतेम दहा किलोमीटरच्या आतबाहेर, खडक तुटला. तीव्रता ६.२.

३:५५:५०

वरच्या गावांत पहिली लहर दीड-दोन सेकंदांत आली, दुसरी तिच्या मागोमाग. मधे जागं होण्याइतकाही वेळ नव्हता. किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, लिंबाळा. तेरणेपलीकडे सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. जाड दगडी भिंतींचा बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत, आणि माळवद सरळ खाली बसलं. माणसं दगडांखाली आणि त्याहून जास्त मातीखाली गेली. मातीच्या ढिगाऱ्यात श्वासाला पोकळी राहत नाही. विटा-काँक्रीटच्या ढिगाऱ्यातून दोन दिवसांनी माणूस जिवंत निघू शकतो, मातीतून तसा क्वचितच निघतो.

३:५६

लातूर शहर केंद्रापासून चाळीस किलोमीटरवर. जोरदार लहर तिथे बारा-एक सेकंदांत पोहोचली. अर्ध्या मिनिटाने पहिली लहर भोकरच्या हद्दीत, आणखी आठ-नऊ सेकंदांनी हैदराबादला, पाऊण मिनिटाच्या सुमारास कोयनेला. सुया हलल्या. देशाच्या यंत्रांना किल्लारीची बातमी पहिल्यांदा कळली ती अशी, गाव पडून गेल्यावर.

त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला एक वेगळी गोष्ट चालू होती. मेक्सिकोने १९८५ च्या भूकंपात राजधानीत हजारो माणसं गमावल्यावर गेरेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर भूकंपमापक बसवले आणि त्यांना रेडिओने मेक्सिको सिटीशी जोडलं. १९९१ पासून ही यंत्रणा काम करू लागली. किनाऱ्यावर जमीन हलली की रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने शहरात पोहोचते, भूकंपाची लहर मागून चालत येते. १४ सप्टेंबर १९९५ च्या भूकंपात शहराला ७२ सेकंद आधी इशारा मिळाला. किल्लारीला असा इशारा कुठल्याच यंत्रणेने दिला नसता, कारण केंद्र गावाच्या पायाखालीच होतं. लातूरला फार तर पाच-सात सेकंद मिळाले असते. पण जवळ यंत्रं असती तर गाव कुठलं, हे सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

३:५७ नंतर

मुंबईत, चारशे किलोमीटरवर, पावणेदोन-दोन मिनिटांनी खिडक्यांची तावदानं वाजली. मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. विसर्जनाच्या बंदोबस्ताचा अहवाल घेऊन ते नुकतेच झोपायला निघाले होते. भूकंप म्हटल्यावर महाराष्ट्रात आधी कोयना आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेही असाच घाला पडला होता. त्यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिला फोन कोयनेला लावला. तिथून उत्तर आलं की केंद्र कोयना नाही, ते लातूरकडे किल्लारीजवळ आहे.

हा प्रसंग तत्परतेचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि ती तत्परता खरीच होती. मुख्यमंत्री त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लातूर जिल्ह्यातलं गाव पडल्याचं सांगणारं यंत्र तीनशे किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यात होतं. कोयनेला यंत्रं होती कारण तिथे धरण होतं आणि एकदा घात झालेला होता.

पहाटे चार ते सहा

वीज गेली, खांब पडले, गावांतले फोन बंद. वाचलेली माणसं चांदण्यात हातांनी माती उकरत होती. कुठल्या गावात काय झालं आहे हे शेजारच्या गावालाही ठाऊक नव्हतं. या दोन-सव्वादोन तासांचं मोल मोठं आहे. मातीखालच्या माणसाला वाचवायचं तर पहिल्या तासातच वाचवता येतं. कुठली पाच-पन्नास गावं गेली आहेत याचा नकाशा चार वाजता हाती असता, तर लातूर, उमरगा, सोलापूरहून माणसं आणि गाड्या थेट त्या गावांकडे वळल्या असत्या. तो नकाशा उजाडल्यावर, एकेका गावात पोहोचून, तयार करावा लागला.

सकाळ आणि पुढचे दिवस

सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवला. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी आणि त्यांची यंत्रणा कामाला लागली, सैन्य आलं, राज्यभरातून आणि देशाबाहेरून मदत आली. पावसाने मदतकार्यात खोडा घातला. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ हजारांपासून पावणेदहा हजारांपर्यंत दिला जातो. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

आणि यंत्रं आली. हैदराबादच्या संस्थेने आणि जर्मनीतल्या पॉट्सडामच्या भूविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मागून येणारे धक्के मोजायला तात्पुरती केंद्रं उभारली. वर्षभर ज्या गावांतले धक्के जवळून मोजले गेले नव्हते, त्यांच्या ढिगाऱ्यांच्या शेजारी भूकंपमापक चालू झाले. किल्लारीला सहाशे मीटरहून खोल छिद्र घेण्यात आलं. काळ्या दगडाचा थर तिथे ३३८ मीटर जाड निघाला, खाली प्राचीन नाइस खडक. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसन प्रकल्पाच्या काळात दक्षिण भारतातली भूकंप केंद्रं आधुनिक झाली, लातूरला केंद्र आलं. २००२ च्या सुधारित मानकात पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेली.

२१ मार्च २०२४, सकाळी ६:०८

हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. नांदेड, परभणीतही लोक घराबाहेर आले. १० जुलैला, ७ वाजून १४ मिनिटांनी, पुन्हा ४.५. या वेळी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने जागा, खोली आणि तीव्रता काही मिनिटांत जाहीर केली. देशभरात दीडशेहून जास्त केंद्रं आता त्याला जोडलेली आहेत. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीकरांना जे मिळालं नाही ते कळमनुरी-वसमतकरांना मोबाइलवर मिळालं. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण खांबावरचं यंत्र आणि चालू यंत्र यांत अंतर असतं. आज आपल्या तालुक्यांत अशी पुष्कळ यंत्रं आहेत. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. नद्यांवर, धरणांवर पाणीपातळी कळवणारे संच बसले. सगळ्यांचा सांगाडा तोच: मोजणारा भाग, रेडिओ किंवा मोबाइलचा संच, बॅटरी, सौर पट्टी, अर्थिंग. शिशाची बॅटरी आमच्या उन्हात तीन-चार वर्षांत थकते. थकलेली बॅटरी दिवसा ठीक दाखवते आणि रात्री मुकी होते. आणि किल्लारी रात्री पडली. यंत्र विकत घेण्यासाठी मंजुरी मिळते, बॅटरी बदलण्यासाठी मिळत नाही, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड आहे. ती मोडली पाहिजे.

भोकर, हदगाव, कंधार, मुखेड, औसा, निलंगा इथल्या वाचकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. आपल्या मंडळात हवामानाचं, पाणीपातळीचं किंवा भूकंपाचं केंद्र आहे का ते शोधा. असेल तर पुढच्या ग्रामसभेत विचारा: बॅटरी शेवटची कधी बदलली? सौर पट्टी कोण पुसतं? अर्थिंगची तपासणी कधी झाली? गेल्या महिन्यात किती दिवस नोंद पोहोचली नाही? उत्तर लेखी मागा आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रत पाठवा. जमीन हलली, विहिरीतून गडगडाट आला, तर वेळ लिहून ठेवा आणि १०७७ वर कळवा, धक्का लहान असला तरी. आणि दगड-मातीचं घर असेल तर येत्या उन्हाळ्यात माळवदावर नवी माती चढवू नका, जुनी उतरवा.